अनुदान मंजूर होतं, हातात येत नाही

स्वयंरोजगाराच्या सरकारी योजनांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. नावं वगळली आहेत आणि एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे, म्हणजे पीएमईजीपीचे, टक्के आणि मर्यादा २०२२ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिल्या आहेत.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते. बी.ए. झाले आहे, नोकरी नाही. मसाला कांडप आणि शेवयांचं युनिट टाकायचं आहे, खर्च १० लाख. महिलांना ३५ टक्के अनुदान मिळतं असं ऐकलं. मग साडेतीन लाख आधी मिळतील का? तेच आमचा हिस्सा म्हणून दाखवून बाकीचं कर्ज काढता येईल का? ओबीसीचा दाखला अजून काढलेला नाही.

उत्तर : नाही. सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पीएमईजीपीत सर्वसाधारण प्रवर्गातल्या अर्जदाराला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळतं. त्याला स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. विशेष प्रवर्गाला शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग आणि तृतीयपंथी हे सगळे विशेष प्रवर्गात येतात. तुम्ही महिला म्हणून आधीच त्यात बसता. ओबीसीचा दाखला जोडला तरी ३५ चे ३६ होणार नाहीत, त्यामुळे केवळ त्या दाखल्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका.

आता पैसे कसे फिरतात ते पाहा. १० लाखांच्या प्रकल्पात तुमचे ५० हजार आणि बँकेचे साडेनऊ लाख. होय, बँक पूर्ण साडेनऊ लाख मंजूर करते. पहिला हप्ता उचलला की बँक पोर्टलवर अनुदानाची मागणी नोंदवते आणि मग ३.५ लाख बँकेकडे येतात. ते तुमच्या चालू खात्यात जमा होत नाहीत. तुमच्या नावाने मुदत ठेव म्हणून ३ वर्षं अडकून राहतात. त्या ठेवीवर तुम्हाला व्याज नाही आणि तेवढ्या रकमेच्या कर्जावर बँकेनेही व्याज लावायचं नाही. म्हणजे व्याज ६ लाखांवरच. ३ वर्षांनी युनिट चालू असल्याची प्रत्यक्ष पाहणी झाली की ठेव कर्जात वळती होते.

याचा हप्त्यावर काय परिणाम होतो? समजा सगळं मुदत कर्ज आहे, दर ११ टक्के, फेड ५ वर्षांत. ९.५ लाखांवर महिना हप्ता साधारण २०,६५० रुपये बसतो, ६ लाखांवर १३,०५०. काही शाखा हप्ता पूर्ण रकमेवर बांधतात, काही अनुदान वजा करून. दोन्हींत महिन्याला साडेसात हजारांचा फरक आहे आणि नव्या धंद्याला पहिल्या वर्षी तो चांगलाच जाणवतो. मंजुरीपत्रावर सही करण्याआधी हे एक वाक्य विचारून घ्या : हप्ता कितीवर बांधला आहे? नंतर खातेउतारा घेऊन दोन गोष्टी तपासा. अनुदानाची ठेव कोणत्या तारखेला झाली आणि त्या तारखेपासून तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबलं का. थांबलं नसेल तर शाखेला लेखी पत्र द्या. हा घोळ बहुधा वाईट हेतूने होत नाही. खात्यात ती नोंद हाताने करावी लागते आणि ती राहून जाते.

अर्ज खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या पोर्टलवर विनामूल्य भरायचा. युनिट गावात असो की शहरात, खादी आयोग, खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र यांपैकी एक यंत्रणा निवडता येते. आधार, फोटो, शिक्षणाचा दाखला, ग्रामीण क्षेत्राचा दाखला आणि प्रकल्प अहवाल तयार ठेवा. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर आणि सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर किमान आठवी उत्तीर्ण असावं लागतं. वय १८ पूर्ण हवं, उत्पन्नाची अट नाही. उद्योजकता प्रशिक्षणही घ्यावं लागतं. ५ लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ५ दिवस, त्यापुढे १० दिवस. ते ऑनलाइनही होतं. जमत असेल तर मात्र जिल्ह्यातल्या आरसेटीत, म्हणजे बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, प्रत्यक्ष करा. तिथे राहणं-जेवण मोफत असतं आणि अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेच्या, माणसांची ओळख होते, ती पुढे उपयोगी पडते.

एक सावधगिरी. मंजुरीच्या आधी यंत्र विकत घेऊन टाकू नका. दुकानदार “आज बुकिंग केलं तर सूट” म्हणतो आणि माणूस पदरचे पैसे भरून बसतो. योजना नव्या प्रकल्पासाठी आहे. आधी घेतलेल्या यंत्राचं बिल प्रकल्पखर्चात धरलं जात नाही. तोवर हातात कोटेशन असावं, बिल नव्हे.

प्रश्न : मी कराड शहरात राहतो, खुला प्रवर्ग, वय २७. फरसाण आणि खारी-टोस्टची छोटी भट्टी टाकायची आहे. खर्च १२ लाख, त्यात २ लाख खेळतं भांडवल. शहरात १५ टक्केच अनुदान आहे. गावाकडच्या घराचा पत्ता लावला तर २५ टक्के बसतील ना?

उत्तर : पत्ता लावून चालत नाही, युनिट तिथे असावं लागतं. पंचायतीच्या हद्दीत असेल तर ग्रामीण, नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर शहरी, इतका हिशेब साधा आहे. तीन वर्षांच्या आत पाहणी होते. त्या वेळी गावातल्या पत्त्यावर कुलूप आणि भट्टी शहरात असं निघालं, तर अनुदान परत जातं आणि पूर्ण कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं.

पण तुमच्यासाठी ही योजनाच बरोबर नाही. खाद्यपदार्थांसाठी २०२० पासून वेगळी योजना आहे, पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना. महाराष्ट्रात ती कृषी विभाग राबवतो. तिच्यात ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख. शहर-गाव आणि प्रवर्ग यांचा भेद नाही. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. अनुदान भांडवली खर्चावर मिळतं, म्हणून तुमच्या १२ लाखांतले यंत्र-भट्टीचे १० लाख धरा : ३.५ लाख. पीएमईजीपीत १२ लाखांचे १५ टक्के, म्हणजे १.८ लाख. जवळजवळ दुप्पट फरक, तोही खोटा पत्ता न लावता.

उलट, गावातल्या महिलेचा ४० लाखांचा डाळ मिलचा प्रकल्प असेल, तर पीएमईजीपी सरस ठरते. तिथे ३५ टक्क्यांना १० लाखांचं झाकण नाही. उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाख आहे, म्हणजे अनुदान १७.५ लाखांपर्यंत जाऊ शकतं. पीएमएफएमईचं झाकण साधारण साडेअठ्ठावीस लाखांच्या भांडवली खर्चाला लागतं. त्याखाली शहरातल्या खुल्या प्रवर्गाने दुसरीकडे बघायचं कारणच नाही. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही, म्हणजे सीएमईजीपीही, इथे मदतीला येत नाही. २०१९ साली तो सुरू झाला तेव्हा त्याचे टक्के पीएमईजीपीसारखेच ठेवले गेले.

तालुका कृषी कार्यालयात जाऊन जिल्हा संसाधन व्यक्ती कोण आहे ते विचारा आणि चालू वर्षाचे अर्ज घेणं सुरू आहे का तेही तिथेच कळेल. या व्यक्तीने अहवाल तयार करण्यापासून बँकेपर्यंत मदत करायची असते. तिचा मोबदला सरकार देतं, अर्जदाराने द्यायचा नाही.

प्रश्न : परभणी जिल्ह्यातून लिहितो आहे. किराणा दुकानासाठी पीएमईजीपीचा अर्ज केला, नामंजूर झाला. मुद्रा लोनची सबसिडी किती असते?

उत्तर : शून्य. मुद्रा हे कर्ज आहे, त्याला अनुदान नाही. “मुद्राची सबसिडी काढून देतो” म्हणणारा माणूस दारातूनच परत पाठवा. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं, तारण न देता.

किराणा पीएमईजीपीत बसला नाही, कारण तो नुसता खरेदी-विक्रीचा धंदा आहे. ही योजना मुळात उत्पादन आणि सेवेसाठी आहे. आपल्या भागात विक्रीचं दुकान तिच्यात बसायचं तर त्याच्यामागे स्वतःचं उत्पादन हवं, किंवा ते खादी-ग्रामोद्योगाच्या मालाचं दुकान हवं. दुकानाच्या मागच्या खोलीत पीठगिरणी आणि मिरची कांडप घालून, पुढे तोच माल विकला तर अर्जाचं स्वरूप बदलतं. पण गिरणी खरंच चालवायची असेल तरच हे करा.

मराठा समाजातले असाल तर अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परताव्याची योजना पाहा. १५ लाखांपर्यंतच्या वैयक्तिक कर्जावर कमाल १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज महामंडळ परत करतं, एकूण साडेचार लाखांच्या आत. आधी हप्ता तुम्ही वेळेवर भरायचा, मग व्याज खात्यात येतं. हप्ता थकला की परतावा अडकतो. क्रमही महत्त्वाचा आहे : आधी महामंडळाच्या पोर्टलवरून पात्रता प्रमाणपत्र, ज्याला सगळे एलओआय म्हणतात, आणि त्यानंतर बँकेची मंजुरी. कर्ज उचलून झाल्यावर एलओआय काढायला येणारे दर महिन्याला भेटतात आणि निराश होऊन परत जातात.

प्रश्न : प्रकल्प अहवाल करून द्यायला एकाने १५ हजार रुपये आणि मंजुरीनंतर अनुदानाच्या ५ टक्के मागितले. अहवाल स्वतः लिहिता येतो का? बँक त्यात काय बघते?

उत्तर : लिहिता येतो, आणि स्वतः लिहिलेला जास्त टिकतो, कारण मुलाखतीत प्रश्न तुम्हाला विचारतात. टक्केवारी तर देऊच नका. योजनेत मध्यस्थाला जागा नाही. सीएने ताळेबंदाचे तक्ते करून दिले तर त्याची वाजवी फी देण्यात गैर काही नाही, पण आकडे तुमचे हवेत.

विकत आणलेला अहवाल कुठे फसतो ते उदाहरणाने पाहू. मिरची-हळद दळण्याचं युनिट. यंत्र तासाला ३० किलो दळतं, दिवसाला ८ तास, महिन्याला २५ दिवस : ६,००० किलो. अहवालात पहिल्या वर्षी ६० टक्के क्षमता धरली, म्हणजे महिन्याला ३,६०० किलो. इथवर ठीक. आता मिरची किलोला १८० रुपये धरली तर महिन्याचा कच्चा माल झाला ६ लाख ४८ हजारांचा. आणि त्याच अहवालात पुढच्या पानावर खेळतं भांडवल लिहिलेलं असतं १ लाख! बँकेचा अधिकारी हे दोन आकडे शेजारी ठेवतो आणि फाईल बाजूला सारतो. एक लाखात माल कुठून आणणार?

त्यातून बाहेर पडायचे दोन मार्ग. एक, क्षमता कमी धरा. दुसरा, जास्त खरा : लोकांचा माल दळून देण्याची मजुरी मुख्य धरा आणि स्वतःचा मसाला थोडा. मग कच्च्या मालात पैसा अडकत नाही. त्याचा हिशेब असा मांडा : कर्जाचा हप्ता १३ हजार, एक मदतनीस १२ हजार, भाडं ४ हजार, विजेचा स्थिर भाग ३ हजार, एकूण ३२ हजार रुपये महिन्याला. वीज आणि जाळी-सुट्या भागांचा खर्च वजा जाता किलोमागे २० रुपये सुटत असतील तर १,६०० किलो दळल्यावर बरोबरी होते, रोजचे ६४ किलो. आता स्वतःला विचारा, तुमच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत मिळून रोज ६४ किलो दळायला येतं का? उन्हाळ्यात, मसाल्याच्या दिवसांत, दीडशेही येईल. श्रावणात वीसही येणार नाही. म्हणून बाराही महिने सारखा आकडा लिहू नका. हंगाम आणि पडीचे महिने वेगळे दाखवले की अहवाल एखाद्या धंदा जाणणाऱ्या माणसाचा वाटतो.

घट धरायला विसरू नका. देठ, ओल आणि उडणारी पूड यांत वजन कमी होतं. शंभर किलो मिरचीतून शंभर किलो तिखट काढणारे अहवाल आम्ही पाहिले आहेत. थ्री फेज जोडणी नसेल तर तिचा खर्च आणि वेळ दोन्ही लिहा. यंत्र येऊन पडलं आहे आणि वीज नाही म्हणून दोन महिने बंद, हप्ता मात्र सुरू, असं नेहमी होतं. त्यावर उपाय म्हणजे हप्त्याची सवलत-मुदत मंजुरीच्या वेळीच वाढवून मागायची. या मुदतीत व्याज मात्र लागतच राहतं.

प्रकल्पखर्चात काय धरता येतं? यंत्र, शेडचं बांधकाम किंवा तयार शेड, भाड्याची जागा असेल तर जास्तीत जास्त ३ वर्षांचं भाडं आणि एका चक्राचं, म्हणजे माल घेण्यापासून विक्रीचे पैसे येईपर्यंतचं, खेळतं भांडवल. जमिनीची किंमत धरता येत नाही. नुसतं खेळतं भांडवल, यंत्र काहीच नाही, असा प्रकल्पही बसत नाही. खेळतं भांडवल फुगवून अनुदान वाढवायचा मोह टाळा. अट अशी आहे की तीन वर्षांत खेळत्या भांडवलाची मंजूर मर्यादा निदान एकदा पूर्ण वापरली गेली पाहिजे आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये. न वापरलेल्या रकमेवरचं अनुदान परत जातं.

कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या पुरवठादाराचं घ्या. बँक पैसे थेट त्याच्या खात्यात पाठवते. “बिल १० लाखांचं करू, यंत्र ७ चं देऊ” असा प्रस्ताव आला तर त्याच्या दुकानातून बाहेर पडा. पाहणीत यंत्राचा मॉडेल क्रमांक बिलाशी पडताळला गेला तर दुकानदार सापडत नाही, अर्जदार सापडतो.

प्रश्न : जिल्हा उद्योग केंद्राने शिफारस केली, पण बँक चार महिने फिरवते आहे. एकदा म्हणतात सिबिल कमी, एकदा म्हणतात घर तारण द्या. कर्ज ८ लाखांचं आहे.

उत्तर : शिफारस म्हणजे मंजुरी नव्हे. अंतिम निर्णय बँकेचा, आणि धंदा चालेल की नाही यावर मत बनवण्याचा तिला अधिकार आहे. पण दोन गोष्टींवर तुम्ही ठाम राहू शकता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलं आहे. तुमचं कर्ज ८ लाखांचं आहे, म्हणजे घराचा प्रश्नच येत नाही. बँकेच्या जोखमीसाठी पत हमी योजना आहे, तिचा उल्लेख शाखेत जरूर करा. दुसरं, अर्जाची पोच आणि नकार दिलाच तर त्याचं कारण लेखी मागा. तोंडी नकाराला पुढे कुठेच दाद मिळत नाही.

सिबिलचं, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून मिळणाऱ्या गुणांकाचं, आधी स्वतः पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात तीन ठिकाणी गोम निघते. मोबाइल हप्त्यावर घेतला होता, शेवटचे दोन हप्ते राहिले आणि विसरले गेले. मित्राला जामीन राहिलात आणि तो थकला. किंवा जुनं कर्ज तडजोडीने मिटवलं, पण नोंद “सेटल” अशी आहे, “क्लोज्ड” अशी नाही. पहिल्या प्रकारात बाकी भरून ना-देय दाखला घ्या आणि नोंद दुरुस्त करून घ्या. तिसऱ्यात फरकाची रक्कम भरल्याशिवाय नोंद बदलत नाही. आजवर कर्जच घेतलं नसेल तर गुणांक येत नाही, पण इतिहास नसणं आणि वाईट इतिहास असणं यांत फरक आहे. अशा वेळी वर्षभराचा खातेउतारा, वीजबिलांच्या पावत्या, बचत गटातली फेड असं काही जोडा.

तक्रारीची पायरी अशी : शाखा व्यवस्थापकाला पत्र, मग त्या बँकेचं क्षेत्रीय कार्यालय आणि सोबत जिल्ह्याचे अग्रणी बँक व्यवस्थापक. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन. “कर्ज द्यायला लावा” अशी तक्रार लोकपाल घेत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. “८ लाखांना तारण मागितलं” किंवा “चार महिने निर्णयच दिला नाही” अशी लिहा.

आणि खरं सांगायचं तर, तक्रारीआधी शाखा बदलून पाहा. ज्या शाखेत तुमचं किंवा घरच्यांचं खातं दहा वर्षं चालू आहे, ती अर्जात पहिली लिहायला हवी होती. जवळची म्हणून कुठलीही शाखा निवडली की तुम्ही तिथे अनोळखी असता.

प्रश्न : नवऱ्याच्या नावावर रिक्षेसाठी मुद्रा कर्ज चालू आहे. मी शिवणकामाच्या युनिटसाठी पीएमईजीपीत अर्ज करू शकते का?

उत्तर : करू शकता. पीएमईजीपीत कुटुंब म्हणजे पती-पत्नी, आणि दोघांपैकी एकालाच लाभ. मुद्रात अनुदान नसल्याने तो लाभ मोजला जात नाही. मात्र रिक्षेचे हप्ते वेळेवर जात आहेत ना ते बघा, बँक घरचा एकूण हप्ता पाहतेच.

प्रश्न : माझं फॅब्रिकेशनचं युनिट. ३ वर्षं होऊन पाच महिने झाले, अनुदान अजून कर्जात वळतं केलेलं नाही. दुसरं कर्जही हवं आहे.

उत्तर : प्रत्यक्ष पाहणी झाली का ते पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून पाहा. झाली नसेल तर ज्या यंत्रणेमार्फत अर्ज केला तिला पत्र द्या. पाहणीच्या दिवशी युनिटवर योजनेचा फलक, यंत्रांची बिलं, उद्यम नोंदणी आणि चालू वीजबिल तयार असू द्या. पाहणी झालेली असेल तर अडकलं आहे शाखेत. ठेवीची पावती दाखवून लेखी मागणी करा.

दुसऱ्या कर्जाची सोय याच योजनेत आहे : उत्पादनासाठी १ कोटीपर्यंतचा प्रकल्प, अनुदान १५ टक्के, कमाल १५ लाख. पण त्यासाठी पहिलं अनुदान वळतं झालेलं हवं, पहिलं कर्ज वेळेत फिटलेलं हवं आणि तीन वर्षं नफा दिसायला हवा. फॅब्रिकेशनवाले रोखीने काम करून विवरणपत्रात नफा कमी दाखवतात, तिथेच गाडी अडते. यंदाचं विवरणपत्र भरायचं राहिलं असेल तर खऱ्या आकड्यांनिशी भरा.